घाटात अपघात झाला तर आधी वाळपई की थेट बांबोळी?

सत्तरीकर: बेळगावकडून गोव्यात चोर्ला घाट उतरताना आमच्या पुढची स्कूटर खडीवर घसरली. मुलगा बोलत होता, पण ‘गाडी कुठे आहे?’ हेच परत परत विचारत होता. अर्धे लोक म्हणाले गाडीत घाला, अर्धे म्हणाले पोलीस येईपर्यंत हात लावू नका. शेवटी पिकअपमध्ये घातला. जवळच्या दवाखान्यात, वाळपईला, टाके पडले, मग गोमेकॉला (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज) रेफर. थेट बांबोळी गाठायला हवी होती का? आणि नेणाऱ्यामागे पोलिसांचं लचांड लागतं का?

जुना १०८वाला: बाबा, तेच तेच विचारणं म्हणजे डोक्याला मार, असंच धरून चालायचं. उलटी, गुंगी, कानातून रक्त, तरीही तेच. न्यूरोसर्जरी गोमेकॉत आहे, टाक्यांसाठी वाटेत थांबून उपयोग नाही. पण श्वास घरघरतोय किंवा रक्त थांबत नाही, तर वाळपईला थांबायलाच हवं, नाहीतर बांबोळीपर्यंत पोचणारच नाही. हा निर्णय रस्त्यावर जमलेल्यांनी घेऊ नये. १०८ लावा, आमची माणसं ठरवतात. फोनवर नुसतं ‘केरी’ सांगू नका हो! केरी सत्तरीत आहे, पेडण्यात आहे, फोंड्यातही आहे. रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हेल्मेट ओढून काढू नका, पाणी पाजू नका. आणि पिकअप... मान दुखावली असेल तर त्या हौद्यात काय होतं ते मी बघितलंय.

वकिलीण: लचांड नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही.

होंड्याचा: खर्चाचंही सांगतो. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, नेमलेल्या हॉस्पिटलात. देशभर आहे, म्हणजे बेळगावच्या ट्रकवाल्यालाही.

सत्तरीकर: घाटात रेंज गेली तर?

जुना १०८वाला: एकाने रेंज मिळेपर्यंत खाली उतरायचं, दुसऱ्याने जखमीपाशी थांबायचं. तिसरा असेल तर त्याला वळणाच्या वरच्या अंगाला टॉर्च घेऊन उभा करा. वरून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसत नसता.