ग्रामदेवता, नगरदेवता की आणखी काही? अथीनाला मराठीत काय म्हणावं

पानगळ:
मुलांसाठीच्या एका पुस्तकाचा अनुवाद करतेय. विषय प्राचीन ग्रीस, आणि 'पेट्रन डेइटी', म्हणजे एखाद्या शहराची राखण करणारी देवता, पानोपानी. मी सरळ 'अथीना ही अथेन्सची ग्रामदेवता' असं लिहिलं. संपादकांनी लाल रेघ मारली: अथेन्स काय खेडं आहे? त्यांनी सुचवलेला शब्द 'आश्रयदाती देवता'. आश्रयदाता म्हटलं की मला गवयाला पदरी ठेवणारा संस्थानिक आठवतो. काय लिहू? मजकूर सोमवारी द्यायचा आहे.

बखर:
संपादकांचं निम्मं बरोबर आहे. 'नगरराज्य' हा शब्द रुळलाय ना? मग नगरदेवता. किंवा अधिष्ठात्री देवता. नेमके शब्द हाताशी असताना 'ग्राम' कशाला? ग्रामदेवता म्हटलं की वेशीवरची मरीआई डोळ्यांपुढे येते, अथेन्समधलं अथीनाचं भव्य देऊळ पार्थेनॉन नाही.

परसदार:
बखरकाका, पुण्याची महानगरपालिका झाली तरी कसबा गणपती ग्रामदैवतच राहिला. 'नगरदैवत' एकाही पुणेकराच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. शब्दातलं खेडं केव्हाच गळून पडलं, 'आमच्या गावचं' एवढंच उरलं. आणि 'अधिष्ठात्री' विषयाला लागतं. विद्येची अधिष्ठात्री सरस्वती, तशी विणकामाची अधिष्ठात्री अथीना. अथेन्स या गावाशी तिचं नातं वेगळं. दोन्हीला एकच शब्द लावलात तर मुलं गोंधळतील.

धातुपाठ:
ग्रीक शब्दच बघू या. अथीनाला 'पोलिआस' म्हणत, आणि अशा देवतांना एकूण 'पोलिऊखोस'. पोलिस म्हणजे नगर, पुढचा भाग 'धरून ठेवणे' या क्रियापदाचा. नगर धरून ठेवणारी. आता गंमत बघा, पोलिस आणि आपलं 'पुर' हे सख्खे भाऊ. ऋग्वेदातलं पुर् म्हणजे तटबंदीची जागा, आणि अथेन्सचे लोकही पूर्वी अक्रोपोलिसच्या टेकडीलाच नुसतं 'पोलिस' म्हणत, असं ग्रीक इतिहासकार थुकिडिडीस सांगतो. म्हणून माझं मत 'पुरदेवता'. अर्थही जुळतो, मूळही जुळतं.

परसदार:
मूळ जुळून काय करायचं? दहा वर्षांच्या मुलाला 'पुर' म्हटलं की नदीचा पूर आठवणार.

मालवणी:
तुम्ही सगळे मूर्तीबद्दल बोलताय. आमच्याकडे ग्रामदेवतेला नुसतं पुजत नाहीत, विचारतात. पेरणीआधी, लग्नाआधी, मुंबईला जाताना गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात. आणि देवी वेगळी, राखणदार वेगळा. माझ्या आजोळी राखणदार म्हणजे नाग. मळ्याच्या बांधावर वारूळ होतं, तिथून जाताना आजी पायातल्या वहाणा हातात घ्यायची.

आता ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलेलं वाचा. अक्रोपोलिसवर एक मोठा साप राखणीला आहे अशी अथेन्सकरांची श्रद्धा होती, आणि त्याला दर महिन्याला मधाची पोळी ठेवत. पोळी नेहमी संपायची. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौज चालून आली तेव्हा ती तशीच राहिली. पुजारणीने हे सांगितलं आणि लोक शहर सोडायला जास्तच तयार झाले, कारण देवीच टेकडी सोडून गेली असं त्यांना वाटलं. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. 'देवी गाव सोडून गेली' हे वाक्य मी आजीच्या तोंडून ऐकलंय, आमच्या शेजारच्या उजाड वाडीबद्दल. या नात्याला 'नगरदेवता' हा शब्द पुरत नाही.

बखर:
मालवणी, सापाला राखणदार म्हणा, अगदी योग्य. पण अथीनाकडे गाव राखण्यापलीकडचंही काम होतं. इ.स.पू. ४०३-४०२ मधला एक शिलालेख आहे, अथेन्सने सामोस बेटाच्या लोकांचा सन्मान केला त्याचा. वर शिल्प आहे: सामोसची हेरा आणि अथेन्सची अथीना एकमेकींच्या हातात हात देऊन उभ्या. दोन राज्यांचा सलोखा दोन देवींनी दाखवलाय. अथेन्सच्या नाण्यावरही तिचाच मुखवटा आणि तिचंच घुबड. ही राज्याची देवता आहे.

मालवणी:
शिमग्यात रत्नागिरीकडे बहिणी-बहिणी असलेल्या ग्रामदेवतांच्या पालख्या भेटतात, तेव्हा दोन गावंच भेटत असतात. राज्य लागत नाही त्याला.

परसदार:
'देवता' स्त्रीलिंगी, हेही लक्षात घ्या. ऱ्होड्स बेटाचा हेलिओस पुरुष. 'हेलिओस ही ऱ्होड्सची ग्रामदेवता' कानाला खटकतं. दैवत नपुंसकलिंगी, दोघांनाही चालतं.

धातुपाठ:
खटकायचं कारण नाही. अग्नी ही देवता, वरुण ही देवता, असंच लिहीत आलोत आपण. आणि एक सांगतो, 'कुलदैवत' मात्र कुणी सुचवू नका, ती जागा भरलेली आहे. अथेन्समध्ये आर्कोन, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, व्हायचं तर आधी आई-वडिलांची, आजोबांची नावं विचारत, आणि मग विचारत: तुझा अपोलो पात्रोओस आहे का, झेउस हेर्केइओस आहे का, आणि त्यांची ठाणी कुठे आहेत? पात्रोओस म्हणजे वाडवडिलांचा, हेर्केइओस म्हणजे घराच्या अंगणाचा. तुमचं कुळ कोणतं, देव कुठला, हाच प्रश्न.

परसदार:
आणि स्पार्टाचं काय? तिथेही टेकडीवर अथीनाच होती, ब्राँझच्या घरात राहणारी म्हणून 'खाल्किओइकोस'. इ.स.पू. ४३१ पासून दोन्ही गावं एकमेकांशी लढली, आणि दोन्हीकडे टेकडीवर तीच देवी. म्हणजे 'अथेन्सची अथीना' म्हणतानाही ठाण्याचं नाव लावायला हवं, जशी तुळजापूरची भवानी, प्रतापगडची भवानी.

पानगळ:
'ठाणं' शब्द घेते, फार उपयोगी पडला. आता दुसरी अडचण. पानअथेनाइआच्या सणात अथीनाला 'पेप्लोस' वाहत. बायका आणि लहान मुली मिळून नऊ महिने ते विणत. हे वस्त्र पार्थेनॉनमधल्या, शिल्पकार फिडिअसने घडवलेल्या सोन्या-हस्तिदंताच्या मूर्तीला नव्हतं. ते होतं ऑलिव्हच्या लाकडाच्या जुन्या, लहान मूर्तीला, आणि ती आकाशातून पडली असं लोक मानत. तिला 'स्वयंभू' लिहिलंय मी. पण पेप्लोसला काय लिहू? संपादक 'झगा' म्हणतात.

मालवणी:
झगा नको हो ताई. आमच्या गावातही मोठी संगमरवरी मूर्ती नंतर बसवली, पण नवरात्रातलं पहिलं लुगडं अजून मागच्या तांदळ्यालाच, म्हणजे शेंदूर लावलेल्या अनघड दगडाला, नेसवतात, शेंदूर हाताला लागतो तेव्हा. लुगडं लिहा.

बखर:
लुगडं नेसतात, पेप्लोस खांद्यावर टाचून घालत. महावस्त्र लिहा.

धातुपाठ:
महावस्त्र माणसालाही देतात, मानपान म्हणून. देवाचं ते नुसतं 'वस्त्र'. 'देवीला वस्त्र वाहिलं' म्हणतो आपण.

परसदार:
कापसाचं वस्त्र वाहतो, गेजवस्त्र. मुलांना तेच आठवेल. मालवणींचं लुगडं मला पटतंय. पण पेप्लोस केशरी होतं ना? मग रंगही लिहा.