गिल्डमधल्या गोष्टींवर कॉमिक काढायचं, तर कुणाकुणाला विचारायचं?

रातकिडा:
चार वर्षं ऑनलाइन गेममधल्या एकाच गिल्डमध्ये (म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात) खेळतोय, आता तिथल्या किश्शांचं कॉमिक काढायला घेतलंय. पहिलं पान असं: बॉस, म्हणजे सगळ्यांनी मिळून मारायचा बडा शत्रू, त्याचा जीव २ टक्क्यांवर आलाय आणि आमचा हीलर, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारा खेळाडू, एकदम गप्प. व्हॉइसवर मागून बाळाचं रडणं, मग याची अंगाई. आम्ही सगळे मेलो. एरवी असा वाइप झाला, म्हणजे अख्खा गट मेला, की शिव्यांचा पाऊस पडतो, पण त्या दिवशी २५ जण जमिनीवर पडून निमूट ऐकत होते. पान गिल्डमध्ये दाखवलं आणि दोन तट पडले. नाव, अवतार, गेमसुद्धा बदललाय मी. जे मी जगलो ते माझंही आहे ना?

ढालवाली:
त्याला विचारलंस का, एवढंच सांग. नाव बदलून काय होणार? त्या रात्री तिथे असलेल्या प्रत्येकाला कळणार हा कोण ते. माणूस लपवतो तो ओळखीच्यांपासूनच, परक्यांना काय पडलंय!

लूटचोर:
असं विचारत बसलं तर एक पान पुरं व्हायचं नाही. कथा लिहिणारे काय शेजाऱ्यांची सही घेतात? २००६ मध्ये जोसेफ डिलॅप हा कलाकार अमेरिकी लष्कराच्याच 'अमेरिकाज आर्मी' गेममध्ये शिरला, बंदूक खाली टाकली आणि इराकमध्ये मेलेल्या सैनिकांची नावं एकेक करून चॅटमध्ये टाइप करू लागला. बाकीचे त्याला गोळ्या घालत, हाकलून देत. आधी परवानगी मागितली असती तर काय उरलं असतं त्यात?

ढालवाली:
ती नावं जाहीर झालेली होती. अंगाई नव्हती.

लूटचोर:
मग त्याने माइक बंद करायचा होता!

ढालवाली:
एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने हील. तू करून दाखव.

धुक्यातला:
मधलीही वाट असते. 'निट्स आयलंड' या माहितीपटासाठी फ्रेंच दिग्दर्शकांनी 'डेझी' या गेममध्ये ९६३ तास काढले. आम्ही फिल्म करतोय असं खेळाडूंना सांगूनच ते फिरत होते. तरी लोक बोललेच की. (अर्थात कॅमेरा आहे म्हटल्यावर माणूस थोडं नाटक करतोच. त्यामुळे तुझ्या अंगाईसारखा क्षण त्यांच्या हाती असा अवचित लागला असता का, शंका आहे.)

रातकिडा:
काल विचारलं त्याला. म्हणाला पान राहू दे, पण अंगाईचे शब्द काढ, ते त्याच्या आईने रचलेत. काढले. फुगा आता रिकामा आहे आणि पान लंगडं झालंय, हे तरी मान्य करा.

लूटचोर:
तरी सांगत होतो, विचारू नकोस.

ढालवाली:
लंगडं झालंय, मान्य. शनिवारच्या रेडला, बॉसवरच्या पुढच्या चढाईला, येतेय मी. माइक मात्र बंद ठेवणार.