लालपेठ कॉलरीजवळच्या जुन्या इमारती आणि दुकाने नकाशावर कशी आणावीत?

कवेलू (प्रश्न)
चंद्रपूरच्या लालपेठ-महाकाली कॉलरी (कोळसा खाण) भागाचा 1970-80 च्या सुमाराचा हातनकाशा करतो आहे. हाजरीघर, लॅम्प रूम (खाणीत न्यायच्या दिव्यांची खोली), फॅन हाउस (खाणीतली हवा ओढणाऱ्या पंख्याचे घर), गेटसमोरचे किराणा दुकान, पानठेले, सगळे त्यात हवे. बऱ्याच इमारतींचे आता नुसते जोते उरले आहे. कोणते जोते कशाचे, हे कसे ओळखायचे? आणि दुकानांची नोंद कुठे सापडेल?

वर्धाकाठ
जोत्यांकडे वळण्याआधी कॉलरीच्या सर्व्हे ऑफिसात जा. 1957 च्या कोळसा खाण विनियमांप्रमाणे प्रत्येक खाणीला ‘सरफेस प्लॅन’ (जमिनीवरचा नकाशा) ठेवावा लागे. त्यात इमारती, शाफ्ट (खाणीत उतरणारी उभी विहीर), इन्क्लाइनची (तिरक्या उतरत्या वाटेची) तोंडे, ट्रामलाइन, पाण्याचे नळ, विजेच्या तारा आणि खचलेली जमीनसुद्धा दाखवावी लागे. मॅनेजरच्या नावे अर्ज करा, हेतू स्पष्ट लिहा आणि सर्वांत जुने ट्रेसिंग मागा. प्लॅन नव्याने काढला की पाडलेल्या इमारती त्यातून गळतात. भूमिगत प्लॅन तुम्हाला लागणार नाही, तो मागून काम अडवू नका.

गूगल अर्थची मागची चित्रे फार जुनी नसतात. त्याआधीचे हवे तर अमेरिकेने खुली केलेली 1960-72 मधली कोरोना या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे पाहा. ती नकाशावर आपोआप बसत नाहीत. परकोटाचे दरवाजे (अंचलेश्वर, पठाणपुरा), महाकाली मंदिर, रेल्वेमार्ग असे न हललेले चार-पाच बिंदू धरून बसवावी लागतात. हे बिंदू एकाच बाजूला घेतले तर उरलेला नकाशा वाकडा होतो. ओपनकास्टने (उघड्या खाणीने) खाल्लेल्या भागात जोतेही मिळायचे नाही, तिथे या छायाचित्रांचाच आधार.

हॉलेजवाला
जोत्यांचे सांगतो. शाफ्टच्या सरळ रेषेत जाड काँक्रीटचा ओटा आणि त्यातून वर आलेले बोल्ट दिसले तर ते वाइंडिंग इंजिनघर, म्हणजे शाफ्टमधला पाळणा दोराने वर-खाली करणाऱ्या यंत्राचे घर. भिंत उभी असेल तर शाफ्टच्या बाजूला दोर जायला अरुंद उभी फट असते. शाफ्टभोवतीचे काँक्रीटचे ठोकळे म्हणजे हेडगियरच्या (शाफ्टवरच्या दोराच्या चाकांच्या मनोऱ्याच्या) पायांच्या जागा. इन्क्लाइनच्या तोंडासमोर, रुळांच्या ओळीत असाच ओटा असेल तर ते हॉलेजघर, म्हणजे रुळांवरच्या डब्या दोराने ओढणाऱ्या यंत्राचे घर. लोक या दोन्हींत हमखास गल्लत करतात, म्हणून आधी दोर कुठे जात होता ते पाहा.

फॅन हाउस ओळखायला सोपे. त्यापासून खाणीच्या तोंडापर्यंत बंदिस्त जाड भिंतींची वाट असते आणि तिला एकामागे एक दोन दारे. एक उघडताना दुसरे बंद ठेवायचे, नाहीतर पंखा खालची हवा ओढायचे सोडून बाहेरचीच ओढतो. लॅम्प रूममध्ये दिवे देण्या-घेण्याच्या खिडक्या असतात, आणि बॅटरीच्या आम्लाने फरशी खरबरीत झालेली असते. मॅगझिन (स्फोटकांचे कोठार) वस्तीपासून दूर, एकटे, जाड भिंतींचे, कुंपणाच्या आत.

आणखी एक खूण कायद्याची. 1955 च्या खाण नियमांप्रमाणे 50 हून जास्त माणसे असली तर विसाव्याची शेड, 150 हून जास्त असली तर प्रथमोपचार खोली, 250 हून जास्त असली तर कँटीन लागे. स्नानगृहाचे नियम 1959 चे, पाळणाघराचे 1966 चे. कामगारसंख्या कळली की कोणती इमारत शोधायची हे ठरते.

बंद इन्क्लाइनमध्ये डोकावूही नका. आतल्या हवेत प्राणवायू कमी असू शकतो, वास काहीच येत नाही आणि माणूस कोसळतो. चर पडलेल्या किंवा खोलगट बसलेल्या जमिनीवरही पाय नको, खाली जुनी पोकळी असते.

चौकातला
दुकाने प्लॅनवर मिळत नाहीत, मिळाली तरी नुसता चौकोन. तेव्हाच्या नगरपालिकेचे गुमास्ता (दुकान-परवाना) रजिस्टर आणि तहसीलच्या पुरवठा शाखेतली रेशन दुकानांची नोंद आधी बघा. पानठेले दोन्हींत नसतात, आणि कॉलरीच्या गेटवर तेच महत्त्वाचे. खाली बिडी-काडी नेता येत नसे, तोंडावर झडती होई. म्हणून खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आणि तंबाखू-चुन्याची विक्री गेटलगत.

जुन्या माणसांना ‘कोणकोणती दुकाने होती?’ असे विचारू नका, दोन-तीनच सांगतील. ‘पाळी सुटल्यावर हाजरीघरातून घराकडे निघालात, उजव्या हाताला पहिले काय?’ असे विचारा आणि पाऊल-पाऊल पुढे न्या. दोघांना वेगवेगळे बसवा, जिथे दोघे जुळतात तिथेच शाई, बाकी पेन्सिल. सालासाठी ‘सरकारी होण्याआधी की नंतर?’ हा प्रश्न पुरतो, राष्ट्रीयीकरण 1973 चे. एकाच दुकानाला मालकाचे, मालाचे आणि शेजारच्या झाडाचे अशी तीन नावे असतात. तिन्ही लिहा, नाहीतर एकाच दुकानाची तीन होतात. तेलुगू नावे बोलणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे लिहून घ्या, तिथेच सुधारू नका.

वर्धाकाठ
एक राहिले. प्लॅनचा फोटो घेताना स्केलपट्टी आणि उत्तरबाण चौकटीत येऊ द्या, आणि छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बदलते.