मदत हवी आहे: लेक पुस्तक पाठ म्हणते, पण वाचत नाही

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत. घरात मराठी, शाळाही मराठी माध्यमाची. बोलायला एकदम तरबेज, ऐकलेली गोष्ट पात्रांच्या आवाजांसकट सांगते. मुळाक्षरं ओळखते, बाराखडी घडाघडा म्हणते. पण नवीन पुस्तक समोर आलं की सगळं अडतं.

नुसतं 'वाचन कच्चं आहे' म्हटल्याने कुणाला काही कळणार नाही, म्हणून नेमकं काय होतं ते लिहिते. ओळखीच्या पुस्तकात ती ओळीवर बोट फिरवत भराभर 'वाचते'. बोट एका शब्दावर असतं आणि तोंडात पुढचा शब्द. त्याच पुस्तकातला 'पाणी' हा शब्द मी कोऱ्या कागदावर लिहून दाखवला, तर तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाऊस?" त्या पानावर ढगांचं चित्र आहे. म्हणजे पहिलं अक्षर बघायचं आणि बाकीचं ताडायचं. 'किती' दिला तर वेलांटी आधी दिसते म्हणून "इ... क..." करते आणि तिथेच थांबते. जोडाक्षर आलं की पुस्तक मिटतं.

शाळेतून सांगतात सराव वाढवा. नवरा म्हणतो येईल आपोआप. सासूबाई रोज बाराखडी लिहून घेतात आणि त्यावरून दोघींची रडारड होते. हल्ली ती "मला नाही येत, तूच वाच" म्हणायला लागली आहे. गोष्टींवर इतका जीव असलेल्या मुलीच्या तोंडून हे ऐकवत नाही.

शब्द अडला की लगेच सांगावा का थांबावं? मी वाचून दाखवणं बंद करावं का, म्हणजे तिला स्वतः वाचावंच लागेल? आणि या वयात हे काळजीचं आहे का? कृपया अनुभवातून सांगा.

प्रतिसाद

मी पहिली-दुसरीला शिकवते. तुमच्या वर्णनावरून अक्षरओळख झाली आहे, अक्षरं जोडून शब्द करायची पायरी राहिली आहे. बाराखडी चालीवर पाठ होते. 'क का कि की' म्हणणारं मूल सुटा 'की' ओळखेलच असं नाही. त्यामुळे बाराखडी लिहिणं सध्या थांबवा आणि आजींना त्याहून मोलाचं काम द्या: पुस्तकाशिवाय आवाजांचे खेळ. "का... गद, जोडून सांग." "मातीतला 'मा' काढून 'जा' घातला तर काय होईल?" हे जमायला लागलं की कागदावरचं जोडणंही सोपं जातं.

ताडण्याची सवय मोडायची तर असे शब्द द्या की ताडून भागणारच नाही. मिठी, मिशी, मिरी. पाणी, पाटी, पाली. पहिलं अक्षर सारखंच, त्यामुळे नजर पुढे न्यावीच लागते. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर अक्षरं लिहा, 'मि' तसाच ठेवा आणि शेजारचा तुकडा बदलत राहा. चित्र नको. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत, कंटाळायच्या आत थांबा.

पहिल्या वेलांटीवर खूप मुलं अडतात, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. म्हणून आधी काना आणि दुसरी वेलांटी पक्की करा. तिथे डोळा आणि उच्चार एकाच दिशेने जातात. मग 'कि' हे अख्खं एकच अक्षर म्हणून दाखवा, वेलांटी सुटी करून नको. जोडाक्षरांत आधी गप्पा, रस्ता, मस्त, जिथे अर्धं अक्षर डोळ्यांना दिसतं. 'सूर्य'मधला रफार बसतो 'य'वर आणि उच्चारायचा असतो त्याच्या आधी, तो सगळ्यात शेवटी.

शब्द अडला तर थोडं थांबा. मग बोटाने शब्द झाकून एकेक अक्षर उघडा. तरीही नाही आलं तर सांगून टाका आणि पूर्ण वाक्य पुन्हा वाचायला लावा, नाहीतर अर्थ हातचा निसटतो.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याला अनुमोदन. फक्त वाचून दाखवणं बंद करू नका, कळकळीने सांगतो! फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. तुमच्या लेकीची भाषेची बाजू भक्कम आहे आणि ती तुम्ही वाचून दाखवलेल्या गोष्टींवरच पोसली गेली आहे. सरावाची वेळ वेगळी, गोष्टीची वेगळी. गोष्टीच्या वेळी तिची परीक्षा घेऊ नका.

आणि ते पाठ झालेलं पुस्तक टाकून देऊ नका. त्यात तिला उलटं विचारा: "या ओळीत 'पाणी' कुठे लिहिलंय, दाखव." ओळ तिला तोंडपाठ आहेच, त्यामुळे म्हणत म्हणत शब्द शोधावा लागतो आणि बोट आपोआप शब्दाबरोबर चालायला लागतं. आमच्या मुलाची गाडी इथूनच सुटली.

प्रतिसाद

डोळे आणि कान एकदा तपासून घ्या, ते आधी. सातव्या वर्षी एखादं अक्षर उलटं काढणं किंवा 'घ' आणि 'ध'मध्ये गोंधळणं एवढ्यावरून घाबरू नका. पण असा नीट सराव काही महिने करूनही जोडणं जमलं नाही, किंवा घरात आणखी कुणाला वाचायला असाच त्रास होता, तर डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं-शब्द वाचायला शिकताना येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्या. त्याचा हुशारीशी काही संबंध नाही. "लहान आहे अजून" म्हणत वर्षं घालवू नका, मदत लवकर मिळाली तर फायदा जास्त होतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुकड्यांचा खेळ सुरू केला, सासूबाईंना तो तिच्याहून जास्त आवडलाय. एक शंका. तिने 'चाक' वाचताना 'चहा'तला 'च' उच्चारला आणि माझ्याकडे बघत बसली. मी काय म्हणायला हवं होतं?

प्रतिसाद (वरच्याच शिक्षिका)

वाचलं बरोबरच, असंच सांगायचं. दोन्ही 'च' लिहायचे सारखेच, फरक कागदावर दिसतच नाही. मग विचारा, "असा शब्द आपण बोलतो का? गाडीला चार असतात..." ती स्वतःच 'चाक' म्हणेल. बोलता येणाऱ्या मुलांना एवढा इशारा पुरतो.