अनुभव धागा : ‘द क्वीन’ (२००६), आपापल्या कामाच्या नजरेतून

केतकीपान
३१ ऑगस्ट १९९७च्या पहाटे डायना पॅरिसमध्ये अपघातात गेली. ६ सप्टेंबरला वेस्टमिन्स्टर ॲबीत तिला निरोप दिला गेला. मधल्या दिवसांत राणी आणि कुटुंब स्कॉटलंडमध्ये बाल्मोरलला होतं, लोक लंडनला राजवाड्याच्या फाटकाशी फुलं घेऊन उभे होते आणि पंतप्रधान होऊन जेमतेम चार महिने झालेले टोनी ब्लेअर या दोघांच्या मधे अडकले होते. पीटर मॉर्गन यांची पटकथा आणि स्टीफन फ्रिअर्स यांचं दिग्दर्शन असलेला हा सिनेमा मुख्यतः त्याच आठवड्यावर उभा आहे. ‘तेव्हा आम्ही टीव्हीवर काय पाहिलं’ हे इथे नको. कॅमेरा, संकलन, राजशिष्टाचार, गाड्या, जंगल, ज्याला जे नीट कळतं त्याने त्याबद्दल लिहा. राणी साकारणाऱ्या हेलन मिरेनच्या ऑस्करबद्दल सगळीकडे लिहून झालंय, म्हणून बाकीच्यांकडे बघू या.

रीळबाज
छायालेखक अफोंसो बेआतो यांनी राणीकडचे प्रसंग ३५ मिमी रुंद फिल्मवर घेतले आणि ब्लेअरकडचे सुपर १६वर, म्हणजे १६ मिमी फिल्मच्या रुंद चौकटीच्या प्रकारावर. सुपर १६ची चौकट साधारण १२.५ बाय ७.४ मिमी. ३५ मिमीवर १.८५ प्रमाणाची चौकट २१ मिमी रुंद. पडद्यावर तेवढंच चित्र हवं तर १६ची निगेटिव्ह जवळजवळ पावणेदोन पट जास्त मोठी करावी लागते, म्हणून ग्रेन, म्हणजे चित्रातला रवा, उठून दिसतो. पण नुसता ग्रेन बघून थांबू नका. लहान चौकटीला तेवढाच कोन पकडायला कमी फोकल लेंग्थची लेन्स लागते आणि त्यामुळे मागचं बरंच काही स्पष्ट राहतं. ब्लेअरच्या घरातला पसारा म्हणून अंगावर येतो. राणीच्या मागची भिंत मात्र हळूच विरघळते.

हल्ली डिजिटलवर ही नक्कल करताना शूटिंग मोठ्या सेन्सरवर करतात आणि ग्रेडिंगला (शेवटी रंग-उजेड जुळवताना) वरून ग्रेन टाकतात. ते खोटं दिसतं, कारण पार्श्वभूमी मोठ्या चौकटीसारखी धूसरच राहते. कॅमेऱ्यात एस-१६ क्रॉप (सेन्सरचा सुपर १६एवढाच भाग वापरायची सोय) असेल तर तो लावा आणि १६ मिमीच्या लेन्स वापरा. ग्रेन शेवटी टाका, आणि उजळ भागात कमी ठेवा. आकाशात आणि सावलीत सारखाच रवा दिसला की चोरी पकडली जाते.

कात्रीकाम
रीळबाज यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. १६ मिमीचा खरा फायदा संकलनाच्या टेबलावर होतो. सिनेमात १९९७च्या बातम्यांचं खरं चित्रीकरण भरपूर आहे. डायनाला बोलणारी भूमिकाच दिलेली नाही, तिचा चेहरा आपल्याला दिसतो तो बातम्यांमधून. ३५ मिमीच्या गुळगुळीत चित्राला लागून टेपवरचं चित्र आलं तर डोळा ठेचकाळतो. मधे १६ असलं की पायरी मिळते.

ब्रिटनची टेप पाल या टीव्ही पद्धतीची, म्हणजे ६२५ रेषा, सेकंदाला २५ चौकटी, पडदा ४:३. दूरदर्शनच्या टेपाही पालच, त्यामुळे मराठी माहितीपट करणाऱ्यांना हेच दुखणं आहे. २५ चौकटी एकास एक सिनेमाच्या २४वर बसवल्या तर सगळं ४ टक्के हळू होतं आणि आवाजाची पट्टीही तेवढीच उतरते. ती वेगळी सुधारून घ्यावी लागते, नाहीतर निवेदक आजारी वाटतो. इंटरलेस (एकाआड एक रेषांनी चित्र रंगवायची टीव्हीची पद्धत) काढायचं विसरलं तर हलणाऱ्या कडांना कंगव्याचे दाते येतात. रुंद पडद्यासाठी ४:३ची वरची-खालची पट्टी कापताना एकच माप सगळ्या शॉटना लावू नये. गर्दीत चेहरे वर असतात, पुष्पगुच्छ खाली असतात. प्रत्येक शॉट हाताने वर-खाली सरकवून बसवायचा.

फ्रिअर्स आणि संकलक लुसिया झुक्केट्टी यांनी आणखी एक शहाणपण केलंय. कितीतरी बातम्या बाल्मोरलमधल्या टीव्ही संचावरच दिसतात. चित्र मोठं करायची गरजच राहत नाही, आणि घरातली माणसं ते बघताना काय करतात हे आपण बघतो. लोकांचा शोक राजघराण्यापर्यंत त्या काचेतूनच पोचतो.

शिष्टाचार
झेंड्याचं प्रकरण बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असतं. राजवाड्यावर झेंडा अर्ध्यावर आणला नाही, असं म्हणतात. आणणार कसा? काठी रिकामीच होती. तेव्हाच्या रिवाजानुसार बकिंगहॅम राजवाड्यावर फक्त रॉयल स्टँडर्ड, म्हणजे राज्यकर्त्याचा खास झेंडा, फडकायचा, तोही राज्यकर्ता मुक्कामाला असेल तेव्हाच. राणी बाल्मोरलला, म्हणून काठी मोकळी. रॉयल स्टँडर्ड राजाच्या मृत्यूतही अर्ध्यावर येत नाही, कारण त्याच क्षणी पुढचा राजा झालेला असतो. नियमाच्या बाजूने बघा, एकही चूक नाही. रस्त्यावरच्या माणसाला मात्र दिसते ती उघडी काठी, आणि त्याला वाटतं यांना काहीच वाटत नाही. सिनेमातलं भांडण इथे आहे आणि मॉर्गन यांनी दोन्ही बाजू खऱ्या ठेवल्यात.

६ तारखेला राणी ॲबीकडे निघाल्यावर युनियन फ्लॅग, म्हणजे ब्रिटनचा राष्ट्रध्वज, अर्ध्यावर फडकला. तेव्हापासून राज्यकर्ता नसताना तिथे युनियन फ्लॅग असतो. सप्टेंबर २०२२मध्ये राणी गेल्यावर राजवाड्यावर जो अर्ध्यावर दिसला, तो याच बदलामुळे. नाटकात किंवा मालिकेत हा प्रसंग करणार असाल तर एवढं सांभाळा : झेंडा आधी टोकापर्यंत चढवतात, मग अर्ध्यावर आणतात, आणि उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊनच उतरवतात. आपल्या ध्वजसंहितेतही हेच आहे.

दुसरी गोष्ट अंत्ययात्रेच्या आराखड्याची. चार्ल्स आणि डायनाचा घटस्फोट २८ ऑगस्ट १९९६ला झाला आणि डायनाची ‘हर रॉयल हायनेस’ ही उपाधी गेली. त्यामुळे तिच्यासाठी तयार आराखडाच नव्हता. हाताशी होता तो राजमातेसाठी (राणीच्या आईसाठी) आखलेला, ‘टे ब्रिज’ या सांकेतिक नावाचा. तोच घेतला आणि बदलला. शवपेटी तोफगाड्यावर राहिली, पण मागे चालले ते तिच्या सेवासंस्थांचे सुमारे ५०० प्रतिनिधी. सिनेमात राजमातेला हे कळतं तेव्हा सिल्व्हिया सिम्स यांचा चेहरा बघा. आपल्या मरणाची तयारी दुसऱ्याला दिली, हे त्या बाईंना आपल्या देखत ऐकावं लागतं.

ग्रीसगन
ओढ्यात राणीची गाडी अडकते त्या प्रसंगाबद्दल. राणी फोनवर सांगते की पुढचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) तुटलाय, मागचा नाही. हे उगाच घातलेलं वाक्य नव्हे. १९४५मध्ये ती सैन्याच्या महिला दलात ड्रायव्हर-मेकॅनिकचं शिक्षण घेऊन आलेली होती.

तांत्रिक बाजू अशी. ज्या लँड रोव्हरमध्ये चारही चाकांना कायम ताकद जाते, तिच्यात मधे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा सेंटर डिफरन्शियल असतो. पुढचा शाफ्ट तुटला की ताकद सोपी वाट धरते, तुटकं टोक गरगर फिरतं आणि मागची चाकं जागची हलत नाहीत. डिफ लॉक टाकला, म्हणजे तो डिफरन्शियल जखडला, तर मागच्या चाकांवर गाडी निघते. मात्र आधी तुटका शाफ्ट खोलून काढायला हवा, दोन्ही टोकांच्या फ्लँजला चार-चार बोल्ट असतात. तसाच ठेवून गाडी पळवली तर लोंबणारं टोक खालचं सगळं फोडतं. शाफ्ट जातो तो बहुतेक क्रॉस जॉइंटपाशी, म्हणजे टोकाच्या वळणाऱ्या सांध्यापाशी. पाण्यातून जाणाऱ्या गाडीच्या जॉइंटमध्ये पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं, बेअरिंगच्या सुया गंजतात, आणि मग एखाद्या दगडाचा धक्का पुरतो. पाण्यातून आल्यावर निपलमधून नवं ग्रीस भरायचं, जुनं गढूळ ग्रीस सीलमधून बाहेर येईपर्यंत.

रानवाट
त्याच जागी राणीला दिसणारा हरणाचा नर हा रेड डियर आहे, चौदा टोकांच्या शिंगांचा. बारा टोकांच्या नराला तिकडे ‘रॉयल’ म्हणतात, चौदाच्या नराला ‘इम्पीरियल’. ऋतू बरोबर पकडलाय. शिंगं वसंतात गळतात, उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढतात आणि ऑगस्टच्या सुमारास कातडी घासून टणक होतात. नरांच्या शिकारीचा हंगाम तेव्हा १ जुलै ते २० ऑक्टोबर होता. पुढे तो शेजारच्या इस्टेटीवर पैसे भरून आलेल्या पाहुण्याकडून जखमी होतो आणि मैलोगणती पाठलाग करून मारावा लागतो, हेही अगदी खरं आहे. नेम चुकला की जखमी जनावर शोधून संपवणं हे तिथल्या रखवालदाराचं कर्तव्यच असतं.

दुसरा_मसुदा
लिहिणाऱ्यांनी फाटकापाशी घडणारा प्रसंग पुन्हा पाहावा. राणी फुलांवरची कार्डं वाचते, काहींत तिच्यावरच राग आहे. एका लहान मुलीच्या हातात फुलं असतात. मी ठेवू का तुझ्यासाठी, असं राणी विचारते आणि मुलगी नाही म्हणते. राणीचा चेहरा पडतो. मग कळतं, ती फुलं राणीसाठीच आहेत. आधीच्या कार्डांनी आपल्याला अपमानाची सवय लावून ठेवलेली असते, म्हणून तो ‘नाही’ खरा वाटतो. कार्डं वगळून फक्त मुलगी ठेवली असती तर प्रसंग गोड झाला असता आणि फुकट गेला असता.

केतकीपान
कात्रीकाम, एक विचारते. जुन्या टीव्ही संचाचं शूटिंग करताना पडद्यावर काळी पट्टी सरकते, त्याला उपाय?

रीळबाज
त्यांच्या आधी मीच सांगतो. पालचा संच सेकंदाला ५० वेळा रंगतो. कॅमेरा २४वर असेल तर पट्टी सरकणारच. २५ चौकटी आणि १८० अंशांचा शटर ठेवा, म्हणजे एक्स्पोजर १/५० सेकंद होतं आणि पट्टी थांबते. थांबलेली पट्टी नेमकी मधेच दिसत असेल तर कॅमेरा बंद-चालू करून बघा, किंवा सिंक बॉक्स (कॅमेरा आणि संच एका तालात ठेवणारं यंत्र) असेल तर फेज सरकवा. खोलीतले दिवे संचाच्या उजेडाइतके खाली आणा, नाहीतर चित्र फिकट पडतं.