विषय: नागपूरला आईबाबांसाठी जुनी गाडी, कोडवाली घ्यावी की बिनकोडची?

टोरांटोहून

मंडळी नमस्कार,

इथल्या विषयाशी संबंध नाही पण लिस्टवर गाड्यांमधले जाणकार आहेत म्हणून विचारतोय. आईबाबा मनीषनगरला असतात, बाबांना आता स्कूटर झेपत नाही, म्हणून सेकंड हँड गाडी पाहून राहिलो. मेहुणा तिकडे फिरतोय, त्याने गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा तो ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर घेतलाय (ईएलएम३२७ का काय ते) आणि दोन गाड्यांचे स्क्रीनशॉट पाठवले. पहिली २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, त्यात पी०४२० कोड. दुसरी २०२१ ची डिझेल एसयूव्ही, एकही कोड नाही, सगळं हिरवं. डीलर म्हणतो पेट्रोलवालीत सेन्सरचा किरकोळ मामला आहे आणि डिझेल तर शोरूममधून निघाल्यासारखी आहे. मेहुण्याचं मन डिझेलवर बसलंय, भावही बरा देतोय.

मग बिनकोडचीच घ्यावी ना सरळ? उद्या टोकन द्यायचं म्हणतोय तो.

मिशिगनहून

अरे थांबव त्याला, टोकन देऊ नको म्हणावं.

मी इंजिन कॅलिब्रेशनमध्येच आहे म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर चहा घेऊन वाच. कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं नसतं, बरेचदा एवढाच अर्थ की कोणीतरी नुकताच पुसलाय. पुसायला दहा सेकंद लागतात, तुझ्या मेहुण्याच्या हातातल्या त्याच स्कॅनरने होतं. पण पुसलं की त्याबरोबर ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, स्वतःच्या तपासण्यांचे निकालही उडतात. त्याला रेडीनेस मॉनिटर म्हणतात, अ‍ॅपमध्ये वेगळं पान असतं, तिथे कॅटॅलिस्ट (धूर साफ करणारा कन्व्हर्टर), ऑक्सिजन सेन्सर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था), डिझेल असेल तर पार्टिक्युलेट फिल्टर अशी नावं दिसतील आणि समोर 'कम्प्लीट' किंवा 'इनकम्प्लीट'. रोज चालणाऱ्या गाडीत बहुतेक सगळं कम्प्लीट असतं. अर्धं इनकम्प्लीट दिसलं तर एक तर बॅटरी काढली होती नाही तर कोड उडवलेत. आणखी एक आकडा आहे, 'कोड पुसल्यापासूनचं अंतर'. हा बरेच डीलर विसरतात. गाडी हजारो किलोमीटर चाललेली आणि हा आकडा म्हणे वीसच, तर समजून जा. (इकडे अमेरिकेत २०१० च्या आसपासपासून पर्मनंट कोड असतात, ते स्कॅनरने जातच नाहीत, गाडीने स्वतः पास व्हावं लागतं. नागपूरच्या गाडीत त्यावर विसंबू नका.)

आता पी०४२०. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा भाग, पुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड, तिथे १ असता तर कंपनीचा स्वतःचा, मग गुगलवर भलताच अर्थ सापडतो. त्यापुढचा ४ म्हणजे धूर-प्रदूषणाची साधनं. याचा अर्थ कन्व्हर्टर गेला असा होत नाही रे, अर्थ एवढाच की कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर जे पाहतोय त्यावरून ईसीयूला वाटतंय हा नीट काम करत नाही. ताप आलाय एवढं थर्मामीटर सांगतं, मलेरिया की फ्लू ते नाही. एक्झॉस्टला बारीक गळती असली तरी हाच कोड येतो, मागचा सेन्सर म्हातारा झाला तरी येतो. खरंच कन्व्हर्टर गेला असेल तर तो का गेला ते विचारायचं, कारण मिसफायर होऊन न जळलेलं पेट्रोल आत गेलं किंवा इंजिन ऑइल पित असेल तर नवा बसवूनही तोच पाढा. म्हणून पी०३०० पासून पी०३०४ पर्यंतचं, म्हणजे मिसफायरचं, काही पेंडिंगमध्ये (अजून पक्के न झालेले कोड) आहे का ते बघ.

नागपूरहून

मी दोन वर्षं झाली वापस आले, पण लिस्ट सोडवत नाही.

भाऊ, ते वर लिहिलंय ते बरोबरच, पण इकडचंही ऐका. डिझेल घेऊन आईबाबा जाणार कुठे? मनीषनगर ते धरमपेठ, धरमपेठ ते सक्करदरा, आणि सिग्नलला उभी. बीएस६ डिझेलमध्ये फिल्टर असतो, त्यात काजळी जमते, ती जाळायला गाडी काही वेळ मोकळ्या रस्त्यावर नेटाने चालावी लागते. गावात नुसती सरपटून राहिली तं फिल्टर भरत जातो, मग पी२४६३ सारखा कोड येतो. शहरात वापरलेली गाडी असली की हाच धंदा जास्त, आणि त्याच्याआधी पुसून विकायचा धंदा. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने अशीच घेतली, महिनाभरात वर्कशॉपमध्ये.

मेहुण्याला सांगा, गाडी थंड असताना बोनेटला हात लावून बघा, डीलरने आधीच गरम करून ठेवली असेल तं का करून ठेवली विचारा. मेमध्ये आपल्याकडे दुपारी सगळंच गरम राहते, म्हणून सकाळी सहाला जा. मग चावी 'ऑन' करा, स्टार्ट नका करू, इंजिनचा पिवळा दिवा लागला पाह्यजे. लागलाच नाही तं त्याचं तोंड कोणीतरी बंद केलं असं समजा. स्टार्ट झाल्यावर विझला पाह्यजे. मग डीलरला म्हणा, समृद्धीवर शिवमडक्यापासून एक चक्कर मारू. तो काऊन कचरतो ते चेहऱ्यावर दिसेलच. सरकारच्या 'वाहन' साइटवर हायपोथिकेशन (गाडीवरचं कर्ज) अन् चलान बघायला विसरू नका, ते स्कॅनरला कळत नाही.

टोरांटोहून

थँक यू ताई, थँक यू दादा. मेहुणा सकाळी गेला होता. डिझेलच्या रेडीनेसमध्ये फिल्टर आणि ईजीआर दोन्ही इनकम्प्लीट, पुसल्यापासूनचं अंतर १४ किलोमीटर. डीलर म्हणाला बॅटरी बदलली आहे. बॅटरीवर तारीख बघितली तर २०२१ ची, म्हणजे गाडीबरोबरचीच. समृद्धीवर यायला तयार झाला नाही, डिझेल टाकावं लागेल म्हणे. मेहुणा चिडून निघून आला.

आता पेट्रोलवाली. ती कोड असलेली घ्यायची का मग?

मिशिगनहून

घ्यायची की नाही ते भावावर. आधी इंजिन पूर्ण गरम करून २५०० आरपीएमवर धरायला सांग आणि लाइव्ह डेटात दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आलेख बघा. पुढचा साधा सेन्सर असेल तर ०.१ ते ०.९ व्होल्ट असा वरखाली नाचतो, ते नॉर्मल. मागचा साधारण ०.६-०.७ ला शांत राहिला पाहिजे. मागचाही पुढच्याबरोबर तसाच नाचत असेल आणि एक्झॉस्टला गळती नसेल तर कन्व्हर्टर संपलाय, त्याच कंपनीच्या वर्कशॉपमधून नव्याचं कोटेशन घ्या आणि तेवढे पैसे भावातून कापा. मागचा शांत असेल तर मेकॅनिककडून जॉइंटला गळती बघून घ्या, बहुतेक स्वस्तात सुटेल. फ्युएल ट्रिमही (ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती कमीजास्त इंधन देतोय ते) बघा, अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत ठीक, अधिक वीसवर असेल तर कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय, किंवा इंधनाचा दाब कमी आहे. ई२० (वीस टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे ट्रिम थोडी वर जाते, त्याला घाबरू नका.

आणि फ्रीझ फ्रेम पाठव मला. कोड पडला तेव्हा वेग किती, इंजिन किती गरम, सगळं त्यात असतं. स्क्रीनशॉट पूर्ण पाठव, मेहुण्यासारखा अर्धा कापून नको.