नवी लस आली की आधी संशयच का?

पारवा:
विषाणूवर नवी लस आल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला: "इतक्या लवकर कशी झाली?" तेच लोक दुसरीकडे विचारतात, "एचआयव्हीवर ४० वर्षांत लस का नाही?" लवकर आली तरी संशय, नाही आली तरी संशय. कोविडची एमआरएनए लस (विषाणूचं एक प्रथिन कसं बनवायचं, हा निरोप पेशींना देणारी) २०२० च्या डिसेंबरात आली खरी. पण एमआरएनए टोचला की शरीर खवळतं, ही मुख्य अडचण कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्येच सोडवत आणली होती. पाया जुनाच, आपल्याला दिसला तो कळस.

चकवा:
पाया मान्य. पण शंका घेणाऱ्याला सरसकट अडाणी ठरवू नका. फिलिपीन्समध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना डेंग्यूची डेंगव्हॅक्सिया लस दिली, आठ लाखांहून जास्त मुलांना. नोव्हेंबर २०१७ मध्ये खुद्द कंपनीनेच सांगितलं, की ज्याला आधी डेंग्यू झालेलाच नाही, त्याला लसीनंतर लागण झाली तर आजार जास्त तीव्र होऊ शकतो. तोवर मुलांना टोचून झालं होतं! त्या आया पुढच्या लसीला बिचकल्या तर नवल काय?

टिपूर:
आणि त्या बिचकण्याचं पुढे काय झालं, तेही लिहा की. २०१९ मध्ये तिथेच गोवराची मोठी साथ आली. लसीकरण आधीपासूनच घसरत होतं हे खरं, पण या भीतीने त्यात भर घातली. गोवराची लस १९६३ पासूनची, तिचा डेंग्यूच्या लसीशी काडीचा संबंध नाही.

चकवा:
तुम्हाला नाही दिसत संबंध. आईला दिसतो: सुई तशीच, टोचणारेही तेच.

निर्गुण:
मध्येच तोंड घालतो. १९६० च्या दशकात आरएसव्हीची (लहान बाळांच्या फुफ्फुसांना त्रास देणाऱ्या विषाणूची) लस बाळांवर तपासली होती. पुढे तोच विषाणू लागला तेव्हा लस घेतलेलीच बाळं जास्त आजारी पडली, दोन दगावली. विषाणू पेशीत शिरण्याआधी त्याच्यावरचं एफ नावाचं प्रथिन एका आकारात असतं, नंतर दुसऱ्या. प्रतिकारशक्तीला ओळख हवी ती आधीच्या आकाराची. तो आकार २०१३ मध्ये नीट उलगडला आणि २०२३ मध्ये लसी मंजूर झाल्या. मधली पन्नासेक वर्षं शास्त्रज्ञही बिचकूनच होते.

पारवा:
म्हणजे चूक सापडते, सुधारते. माझंच म्हणणं.

चकवा:
छे, माझं! चूक उघड सांगितली म्हणून सुधारली. लस देतानाच "अमुक लाखांत एकाला असा त्रास होऊ शकतो" हे तोंडावर सांगा, मग बघू कोण संशय घेतो.

टिपूर:
ते ऐकून अर्धी रांग घरी गेली, आणि त्यातल्या एखाद्या पोराला गोवर झाला, तर ते कोणाच्या खात्यावर मांडायचं?